शंभर यार्ड कुठून मोजायचे? तंबाखूमुक्त महाविद्यालयाची सोपी उकल

महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हे टपरीवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. आता त्यांनाच विचारा, हे शंभर यार्ड मोजायचे कुठून? कोणी म्हणेल फाटकापासून, कोणी मुख्य इमारतीच्या पायरीपासून. एका बैठकीत मी ‘प्राचार्यांच्या केबिनपासून’ हेही ऐकले आहे. नियमातले उत्तर असे आहे: संस्थेच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी, सरळ रेषेत. रस्त्याने चालत जाऊन पावले मोजायची नाहीत. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक टाकल्या तर होतील तेवढे.

एवढे कळले तरी पुष्कळ गोष्टी उलगडतात. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांच्या मागच्या भिंतीला कुठेतरी एक भगदाड असते. वसतिगृहाची मुले तिथूनच ये-जा करतात आणि त्या भगदाडाच्या तोंडाशी एक टपरी असते. फाटकापासून रस्त्याने गेले तर ती अर्धा किलोमीटर लांब भरते, म्हणून ‘आपल्या हद्दीत येत नाही’ असे सगळे मानून चालतात. भिंतीपासून मोजले तर ती वीस पावलांवर असते.

तंबाखूमुक्त परिसर हा विषय असाच आहे. नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण त्याच्या कडा कुठे आहेत ते कोणी पाहिलेले नसते. त्या कडा नीट पाहिल्या की आणखी एक गोष्ट लक्षात येते. कायदा एका ठिकाणी येऊन थांबतो आणि तिथून पुढे महाविद्यालयाला स्वतःचा नियम करावा लागतो. या लेखात मुख्यतः त्या पुढच्या भागाबद्दल लिहायचे आहे, पण आधी कायदा पाहून घेऊ.

कायदा काय म्हणतो

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीची देशव्यापी सुरुवात एका मुंबईकराच्या याचिकेने झाली. मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने रुग्णालये, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने यांच्याबरोबर शिक्षणसंस्थांतही धूम्रपानाला मनाई केली. पुढे २००३ मध्ये संसदेने तंबाखूविषयक कायदा केला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरे घेऊन सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधी जयंतीचा मुहूर्त साधून, लागू झाले.

महाविद्यालयाच्या दृष्टीने कोटपातली तीन कलमे महत्त्वाची. कलम ४ सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढायला मनाई करते आणि शिक्षणसंस्था हे सार्वजनिक ठिकाण आहे. कलम ५ जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद करते. कलम ६ मध्ये दोन गोष्टी आहेत: १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायची नाही, आणि वर सांगितलेल्या शंभर यार्डांत कोणालाच विकायची नाही. कलम ४ किंवा ६ मोडले तर दंड जास्तीत जास्त २०० रुपये. वीस सिगारेटच्या चांगल्या पाकिटाला आज त्याहून जास्त पैसे पडतात, तेव्हा या दंडाचा धाक किती असेल ते सांगायला नको.

तरीही २००८ च्या नियमांत प्राचार्यांसाठी एक खोच आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. परिसरात कोणी सिगारेट ओढत असल्याची तक्रार प्रमुखांकडे आली आणि त्यांनी काहीच केले नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्यांच्याच डोक्यावर बसू शकतो. फलक लावणे, परिसरात रक्षापात्र किंवा लायटर न ठेवणे हीसुद्धा त्यांचीच जबाबदारी. आणि धूम्रपान करणाऱ्याला जागेवर दंड करण्याचा अधिकारही नियमांनी संस्थाप्रमुखांना दिला आहे. पोलीस येईपर्यंत थांबायची गरज नाही.

फलकावर धूर, गालात तंबाखू

आता महाराष्ट्राचे आकडे बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे होते ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही.) शेजारच्या गोव्यात एकूण प्रमाणच ९.७ टक्के निघाले.

म्हणजे आपल्याकडे तंबाखू मुख्यतः खाल्ली जाते. आणि आपल्या महाविद्यालयांच्या भिंतींवर लिहिलेले असते ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र’. त्या फलकाखाली उभे राहून एखाद्याने तळहातावर चुना-तंबाखू मळली, दोन थापा मारून बार भरला, तर कलम ४ त्याला काहीही करू शकत नाही. तो धूम्रपान करत नाही! जिन्याच्या कोपऱ्यात लाल पिचकारी मारली तर थुंकण्याबद्दलचे वेगळे नियम लागू होतील, पण तोंडात तंबाखू आहे म्हणून या कायद्याने गुन्हा होत नाही.

धूम्रपानमुक्त आणि तंबाखूमुक्त या दोन शब्दांतला फरक हा एवढा मोठा आहे. पहिला परिसर कायद्याने आपोआप मिळतो, निदान कागदावर तरी. दुसरा महाविद्यालयाने स्वतः ठरवून करावा लागतो. आचारसंहितेत, माहितीपुस्तकात, प्रवेशाच्या वेळच्या हमीपत्रात स्पष्ट लिहावे लागते की परिसरात, वसतिगृहात, महाविद्यालयाच्या बसमध्ये आणि सहलीवर तंबाखू कुठल्याही रूपात चालणार नाही. आणि रूपांची नावे घ्यायची: सिगारेट, विडी, हुक्का, गुटखा, मावा, खर्रा, जर्दा, चुना-तंबाखू, मशेरी. ‘तंबाखूजन्य पदार्थ’ असे मोघम लिहिले की मावा खाणारा म्हणतो, मी तर सुपारी खातो.

त्या सुपारीबद्दलही बोलायला हवे.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. ही बंदी कोटपाखाली नाही, अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येत नाही, असा नियम त्या कायद्यात आहे आणि गुटखा हा खाद्यपदार्थ धरला जातो. हा आदेश वर्षावर्षाने पुढे वाढवला जातो. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही त्यात आले. पण कारखान्यातली पुडी बंद झाली की बाजार वाट काढतो. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, दोन्ही तोंडात एकत्र. किंवा टपरीवर डोळ्यांसमोर घोटून दिलेला मावा. विदर्भात त्यालाच खर्रा म्हणतात: सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, चुना, आणि प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन दिलेली रगड.

चुना कशासाठी, असे विद्यार्थ्यांना विचारले तर ‘चवीला’ म्हणतात. खरे काम रसायनशास्त्राचे आहे. चुना अल्कधर्मी असतो. तोंडातला आम्लपणा घटला की निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात शिरते. म्हणजे आपल्या आजोबांना कोणी न शिकवताच निकोटीनचा डोस वाढवण्याची युक्ती सापडली होती.

सुपारी तर तंबाखूशिवायही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, त्याच गटात तंबाखूही आहे. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा हळूहळू कडक होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडायला त्रास होऊ लागतो. दंतवैद्य एक साधी चाचणी सांगतात: आपल्याच हाताची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात घालायची. जात नसतील तर डॉक्टरांकडे जायला हवे. वर्गात ही चाचणी एकदा करून बघा. हसत-खिदळत सुरू होते, आणि मग शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा हसायचे थांबतो.

भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी वर आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डोके-मान कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी तर तंबाखूमुळे जबडा, जीभ किंवा आवाज गमावलेल्या रुग्णांनाच लोकांसमोर बोलायला उभे केले. अशा एका माणसाचे दहा मिनिटांचे बोलणे माझ्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करते, हे मला कबूल केले पाहिजे.

‘टेन्शन आलं की एक मारतो’

परीक्षेच्या दिवसांत टपरीवर गर्दी का वाढते? मुले सांगतात, डोके शांत होते. त्यांचा अनुभव खोटा नसतो, पण त्याचे कारण ते सांगतात ते नसते.

सिगारेटच्या धुरातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथे ते मेंदूच्या पेशींवरच्या काही ग्राहकांना (इंग्रजीत ‘रिसेप्टर’) चिकटते, डोपामाइन नावाचे द्रव्य सुटते आणि बरे वाटते. हे वारंवार होऊ लागले की मेंदू ग्राहकांची संख्या वाढवतो. आता या वाढलेल्या ग्राहकांना नियमित खुराक लागतो. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. मग चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे सुरू होते. एक कश मारला की ते थांबते. म्हणजे सिगारेटने जे ‘टेन्शन’ घालवले ते बरेचसे आधीच्या सिगारेटनेच आणलेले असते. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये शेवटच्या अर्ध्या तासाला जो मुलगा सारखा दाराकडे बघतो, त्याचा हिशोब हा असा आहे.

मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि वाढत्या मेंदूत ही सवय लवकर व खोल बसते. तंबाखू विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. तिशीत पहिली सिगारेट ओढणारे फार थोडे. जी सवय लागायची ती शाळेच्या शेवटच्या आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत लागते. म्हणून सुटी सिगारेट महत्त्वाची. पाकीट घ्यायला पैसे आणि धीर दोन्ही लागतात, एकाला दोन्ही लागत नाहीत. शिवाय पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेले ते भयंकर चित्र सुट्या सिगारेटीवर नसते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-विडी विकण्यावर बंदी घातली. बंदी आहे, आणि टपरीवर दोरीला लटकणारा लायटरही आहे.

आपल्याकडे अकरावी-बारावी महाविद्यालयाच्याच आवारात भरते. त्या वयाची बहुतेक मुले अठरा वर्षांखालची, म्हणजे कायद्याच्या भाषेत बालक. बालकाला तंबाखू देणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोटपाचे दोनशे रुपये आणि ही सात वर्षे शेजारी ठेवून पाहा. टपरीवाल्याला हे शांतपणे सांगितले की तो बहुधा खरेच चपापतो, कारण त्याला आजवर कोणी सांगितलेलेच नसते. खरेदीदार अठराचा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारीही विकणाऱ्याची आहे.

व्हेपचेही नाव नियमात घ्या. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून बनवणे, आयात करणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे हे सारे बेकायदा आहे. ती पेनड्राइव्हसारखी दिसते आणि तिला वास येतो स्ट्रॉबेरीचा, त्यामुळे वसतिगृहाच्या अधीक्षकांना ती ओळखू येत नाही.

नियम करणे आणि चालवणे

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यांत संस्थेने स्वतःच स्वतःला गुण द्यायची पद्धत आहे. आत आणि फाटकावर फलक, परिसरात थोटके किंवा पिचकाऱ्या न दिसणे, सहा महिन्यांतून निदान एक कार्यक्रम, एक नेमलेला ‘तंबाखू मॉनिटर’, लेखी आचारसंहिता, शंभर यार्डांची पिवळी रेषा, आणि त्या रेषेच्या आत एकही विक्रेता नसणे. यादी चांगली आहे. अडचण अशी की यातल्या बहुतेक गोष्टी फोटो काढून पूर्ण होतात. ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो, त्या दिवशी आपली महाविद्यालये उन्हाळी सुट्टीत ओस पडलेली असतात, तरी शपथ घेतल्याचा फोटो कुठून ना कुठून येतोच.

माझ्या मते नियम टिकतो की नाही ते दोन ठिकाणी ठरते.

पहिले ठिकाण म्हणजे शिक्षकांची खोली. नियम विद्यार्थ्यांना लागू आणि सरांची तंबाखूची डबी टेबलावर, असे असेल तर तो कागद फाडून टाकलेला बरा. मुलांना हे पहिल्या आठवड्यात कळते. नियमात प्राध्यापक, कार्यालयीन कर्मचारी, शिपाई, सुरक्षारक्षक, कँटीनवाले, बांधकामावरचे मजूर आणि पाहुणे सगळे यायला हवेत. दिवसभर फाटकावर उभ्या असलेल्या रक्षकाला तंबाखू सोडायची असेल तर त्याला मदत आधी द्यावी, जाब नंतर विचारावा. तो पहाटे पाचला उठून बार भरतो ती चैन नसते. ती झोपेशी लढाई असते.

दुसरे ठिकाण म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्या मुलाचे काय करायचे ते. आपली सहज प्रतिक्रिया असते पालकांना बोलावणे, निलंबन, सूचनाफलकावर नाव. त्याने मुलगा तंबाखू सोडत नाही, भगदाडाबाहेर जाऊन खायला शिकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१४ च्या सुरुवातीपासून आपली सगळी संकुले तंबाखूमुक्त केली, तेव्हा भर समजावण्यावर आणि सोडायला मदत करण्यावर ठेवला. आपली परिस्थिती वेगळी, पण क्रम तोच ठेवता येईल. पहिल्या वेळी बोलणे आणि समुपदेशन, दुसऱ्या वेळी लेखी समज आणि काही तासांचे काम, दंड त्यानंतर. दंडाचे पैसे कुठे जातात हे जाहीर केले तर कुरबूर कमी होते.

सोडायला मदत म्हणजे नेमके काय, हेही लिहून ठेवा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ हा प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग तीन-चार आठवड्यांत तलफ ओसरत जाते. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी सोडायचा संकल्प करू नये. दिवाळीच्या सुट्टीची सुरुवात त्यापेक्षा बरी, फक्त गावाकडच्या मित्रांपासून जपून. एकदा घसरले म्हणजे सगळे संपले असेही नाही. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो.

एक छोटी गोष्ट स्नेहसंमेलनाची. निधी कमी पडतो आणि ‘इलायची’वाला कोणीतरी प्रायोजक म्हणून पुढे येतो. त्याच नावाचा पानमसाला किंवा जर्दा बाजारात असतो. पैसे घेण्याआधी कलम ५ वाचावे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालतो. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: गावाने स्वतः ठरवले की खर्रा विकायचा नाही, तर ते निभावणारे लोक गावातच असतात, सरकारी पथकाची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालयातही विद्यार्थ्यांनी ठरवलेली बंदी आणि परिपत्रकाने आलेली बंदी यांचे आयुष्य वेगवेगळे असते.

आमच्या महाविद्यालयात ती पिवळी रेषा राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी आखली. मोबाइलवरचा नकाशा, पन्नास मीटरची टेप आणि रंगाचे दोन डबे घेऊन ती भिंतीच्या बाहेरून फिरली. फाटकासमोरच्या तीन टपऱ्या आत येणार हे माहीतच होते. मागच्या बाजूला आणखी दोन आत आल्या. भिंतीबाहेरची टपरी हटवायचा अधिकार महाविद्यालयाला नाही, तो नगरपालिकेचा आणि पोलिसांचा. पण बोलायला तर कोणाची परवानगी लागत नाही. भगदाडाजवळच्या काकांनी रेषा वाकून पाहिली, आपल्या टपरीच्या पार पलीकडे गेलेली ती बघून म्हणाले, “म्हणजे मी आता इथनं उठू का?”

कायद्यात टपरीला बंदी नाही, तंबाखू विकायला आहे, हे त्यांना सांगितले. त्यांनी बरण्यांकडे पाहिले, मग स्टोव्हवरच्या पातेल्याकडे. “चहा-पोहे चालतील ना?”

चालतील, मुले म्हणाली. सात चहा तिथेच सांगितले.